‘नामंजूर’ या गाण्याचे विधिवत प्रकाशन

पाणी चढावर जात नाही. हे विधान मी तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षी शिकलो. पुढे सरकारी बांधकाम उपविभागात उभी हयात गेली, तीत ते एकदाही खोटे ठरले नाही. निवृत्तीनंतर केजला घर बांधून राहिलो, तेव्हा मात्र आमच्या पाणीवाटप सहकारी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेने ते बहुमताने फेटाळले. या गोष्टीला आता बराच काळ लोटला असला तरी माझा राग उतरलेला नाही. ‘आता सोडून द्या’ असे सांगणाऱ्यांना मी एवढेच उत्तर देतो, की तुमच्या घरी नळाला पाणी आहे.

आमची वस्ती एका उतारावर आहे. खालच्या गल्लीत संस्थेचे अध्यक्ष बद्रीनाथअण्णा राहतात, वरच्या गल्लीत आम्ही. संस्थेची पाण्याची टाकी टेकडीच्या माथ्यावर बांधावी, असा आराखडा मी स्वतः, विनामूल्य, शाईने काढून दिला होता. टाकी बांधली गेली ती अण्णांच्या अंगणाला लागून. कारण असे, की उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची मोटार चढावर येत नव्हती. मोटार चढत नाही हे ज्यांना समजले, त्यांना पाणी चढत नाही हे का समजू नये, असा प्रश्न मी विचारला. ‘दाबानं जाईल’ असे अण्णा म्हणाले आणि सभेने ‘मंजूर’ म्हटले. वरच्या गल्लीसाठी संस्थेने एक हौदही बांधला. त्याचा तळ खालच्या टाकीच्या माथ्यापेक्षा अकरा फूट उंच आहे. त्या हौदात आजवर पाण्याचा थेंब गेलेला नाही. मी मागत होतो तो फक्त एक पंप. पाच अश्वशक्तीचा, एक.

ज्यांनी आमच्याकडच्या संस्थांच्या सभा पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी खुलासा करणे आवश्यक आहे. सचिव उभा राहून ‘विषय क्रमांक तीन’ एवढे उच्चारतो, तोच सभागृहातून ‘मंजूर, मंजूर’ अशी गर्जना होते. विषय काय होता ते पुढे चहा पिताना कळते. एका वर्षी सचिवांनी नुसता घसा खाकरला होता, तोही मंजूर झाला. यात कोणाचा दुष्टपणा असतो असे नाही. पंखे बंद असतात, जेवणाचा वास येत असतो आणि ‘मंजूर’ म्हटल्याशिवाय पंगत बसत नाही. माझी पंपाची सूचना मी दरवर्षी मांडत असे, आणि दरवर्षी तिला अनुमोदक मिळत नसे. वरच्या गल्लीतल्या ताराबाई तेवढ्या हात वर करीत. पण सभासदत्व त्यांच्या दिवंगत यजमानांच्या नावावर असल्यामुळे तो हात मोजला जात नसे.

आता गाण्याकडे वळतो.

माझी कन्या मुक्ता पुण्याला शिकून परत आली आणि येथील कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. येताना तिने गाण्याचा एक प्रकार आणला. त्याला पर्यायी रॉक म्हणतात. ‘कशाला पर्यायी?’ असे मी विचारले. ‘जे सगळे ऐकतात त्याला,’ ती म्हणाली. उत्तर मला पटले. नोकरीत मीही जन्मभर पर्यायी आराखडेच देत आलो, आणि त्यांचीही श्रोतेसंख्या साधारण तेवढीच होती.

भारत नावाचा मोबाइल दुरुस्त करणारा तरुण विजेची गिटार वाजवी आणि लग्नाच्या बँडमधून बाहेर पडलेला सुग्रीव ड्रम. सरावाला जागा हवी होती. आमच्या घरी सौ. विमलबाईंनी एकाच दिवसात त्यांना बाहेर काढले. तेव्हा ही मंडळी शिडी लावून त्या कोरड्या हौदात उतरली. हौदाला चांगल्या प्रतीच्या सिमेंटचा गिलावा आहे (तो माझ्या देखरेखीखाली झाला होता), त्यामुळे आवाज असा काही घुमे, की पुण्यातल्या ध्वनिमुद्रणगृहातही तसा घुमत नाही असे भारत म्हणाला. संस्थेच्या बांधकामाची झालेली ही पहिली प्रशंसा.

एका सायंकाळी मी हौदाच्या कडेला उभा होतो. खालून माझ्या मुलीचा आवाज आला:

पाणी चढावर जात नाही
हात वर करून जात नाही
टाळ्या वाजवून जात नाही
तुमचा ठराव
नामंजूर, नामंजूर, नामंजूर

पहिली ओळ माझी होती. दुसरी आणि तिसरीही मी जेवताना बोललेली होती. शेवटच्या ओळीवर ती किंचाळत होती आणि सुग्रीव ड्रमवर असा तुटून पडला होता, की हौदाला तडे जातील या धास्तीने मी आत वाकून पाहिले. हा आवाज संगीताच्या कोणत्या व्याख्येत बसतो ते मला सांगता येणार नाही. पण इतक्या वर्षांत माझ्या सूचनेला प्रथमच अनुमोदन मिळाले होते.

“बाबा, गाणं तयार आहे,” मुक्ता वर आल्यावर म्हणाली. “शुक्रवारी इंटरनेटवर टाकतोय.”

“टाकतोय म्हणजे?”

“म्हणजे एक बटण दाबायचं. झालं प्रकाशन.”

येथे माझा शिस्तीचा स्वभाव आडवा आला. ज्या प्रकाशनाला निमंत्रणपत्रिका नाही, दीपप्रज्वलन नाही, आभारप्रदर्शन नाही, त्याला प्रकाशन कसे म्हणावे? कपाटात कागद ठेवला तर तो प्रकाशित होतो काय? मी प्रकाशनाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. मुक्ता नको म्हणत होती. ते तिचे नको मी, खेदाने नमूद करतो, सभेतल्या सचिवांच्या वेगाने बाजूला सारले.

शेजारी धोंडीराम, निवृत्त तलाठी, हे सल्ला देण्यासाठी आमंत्रणाची वाट पाहत नाहीत.

“पाहुणा कोण?” त्यांनी विचारले.

“अजून ठरलेले नाही.”

“ठरवायचं काय त्यात? अण्णा. सभागृह संस्थेचं, माईक संस्थेचा, खुर्च्या संस्थेच्या. दुसरा पाहुणा आणला तर खुर्च्या उठून घरी जातील, साहेब.”

“पण धोंडीराम, हे गाणेच त्यांच्या विरुद्ध आहे.”

“मग तर समोर बसवून ऐकवा की. माघारी कावून बोलायचं? चार मानसांत हार घालायचा, खुर्चीत बसवायचं, आन् मंग सुनवायचं. उठून जाता येत न्हाई, हार गळ्यात आसतो.”

या युक्तिवादात मला तांत्रिक दोष आढळला नाही. सर्वांसमोर गाणे होईल, सर्वांसमोर अण्णांना उत्तर द्यावे लागेल, आणि उत्तर म्हणजे पंप. मी मनात पंपाची जागाही निश्चित केली. विमलबाईंनी तेवढ्यात भाकरी थापता थापता विचारले, “तुम्हाला गाणं काढायचंय का पंप बसवायचाय?”

“दोन्ही.”

“मग एकबी होत न्हाई,” त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात गेलो. तेथील जमादारांनी कार्यक्रमाचा प्रकार विचारला.

“रॉक,” मी सांगितले.

“म्हंजे ऑर्केस्ट्रा?”

“नाही.”

“भजनी मंडळ लिहू का? त्याला लई विचारत न्हाईत.”

असत्य विधानावर सही करणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी ‘इतर’ असे लिहवून घेतले. ‘इतर’ला गाण्याचे शब्द जोडावे लागतात. मी तीन प्रती आणल्या होत्याच. जमादारांनी चष्मा लावून जबाब वाचून दाखवावा तसे गाणे वाचले. “पाणी चढावर जात नाही. हात वर करून जात नाही.” थोडा विचार करून ते म्हणाले, “खरंच हाय की हे. ह्यात आक्षेपार्ह काय हाय?”

“काहीच नाही.”

“मग गाणं कावून केलं? हे तर समद्यांना ठाव हाय.”

मी तिसरी प्रत पुढे सरकवली. शिक्का मिळाला.

ते वर्ष कोरडे होते. धरणाचा तळ उघडा पडला होता, जनावरे छावणीत होती आणि टँकर आला की वरच्या गल्लीतली माणसे घागरी घेऊन उतार उतरत. तरीही, किंबहुना त्यामुळेच, सभागृह भरले. छतावरचे पंखे चालू होते आणि कार्यक्रमानंतर पोहे होते, एवढी माहिती सर्वत्र पोहोचली होती.

ऐनवेळी अण्णांनी मला बाजूला घेतले. “साहेब, प्रकाशन म्हंजे मी उघडू काय?”

प्रश्न रास्त होता. पुस्तक असले की वेष्टन सोडता येते. गाणे इंटरनेटवर होते, आणि इंटरनेटला फीत बांधता येत नाही. परंतु मी पूर्वतयारीत कमी पडणारा माणूस नाही. भारतचा मोबाइल मी आधीच सोनेरी कागदात गुंडाळून त्यावर लाल फीत बांधली होती. अण्णांनी फीत सोडून आतले बटण अंगठ्याने दाबायचे, की गाणे जगभर प्रसिद्ध होणार, अशी योजना होती.

दीपप्रज्वलन झाले. सत्कार सुरू झाले. अण्णांचा सत्कार मी केला, संचालकांचा धोंडीरामांनी, धोंडीरामांचा संचालकांनी. मग असे लक्षात आले की पहिल्या रांगेतील काही जण बिनसत्काराचे राहिले आहेत, म्हणून दुसऱ्या सत्कारातील नारळ त्यांना फिरवून देण्यात आले. पडद्यामागे मुक्ता, भारत आणि सुग्रीव उभे होते. पोह्यांचा वास येऊ लागला. त्या तिघांचा सत्कार करण्याचे कोणाला सुचले नाही, मलाही नाही.

शेवटी मोबाइल आणला. कोणतीही नवी वस्तू पूजेशिवाय उघडू नये या मताच्या एका संचालकांनी त्यावर हळदकुंकू वाहिले आणि नारळ फोडून पाणी शिंपडले. अण्णांनी फीत सोडली. अंगठा दाबला. काही झाले नाही. दुसरा अंगठा दाबला. तरी नाही. काचेवर हळदकुंकवाचा चिखल झाला होता, आणि ओल्या काचेवर अंगठा चालत नाही, हे मला ठाऊक असायला हवे होते. फोटोवाला म्हणाला, “अण्णा, तसंच धरून ठेवा.” अण्णा तसेच धरून राहिले. मी माझ्या नव्या सदऱ्याच्या बाहीने काच पुसली. ती बाही आजही पिवळी आहे. गाणे एकदाचे प्रसिद्ध झाले आणि टाळ्या पडल्या. जगात त्या क्षणी ते कोणी ऐकले असेल तर मला माहीत नाही. सभागृहात मोबाइलचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नव्हता.

मग पडदा सरला आणि मुक्ता पुढे आली. पहिल्या ठोक्याला पहिली रांग दचकली. मुक्ताचे शब्द मात्र स्वच्छ ऐकू येत होते. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. हार गळ्यात होता, उठण्याची सोय नव्हती, धोंडीरामांचा हिशेब बरोबर निघाला होता. मुक्ताने डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि ती ओरडली:

“नामंजूर!”

समोर सभासद होते, सभागृह तेच होते, माईक तोच होता आणि पोह्यांचा वास येत होता. सभागृहाने जन्माच्या सवयीने उत्तर दिले:

“मंजूर, मंजूर!”

ती पुन्हा ओरडली. सभागृह पुन्हा गरजले. जितक्या त्वेषाने ती नाकारी, तितक्याच उत्साहाने ते मान्य करीत. ताराबाई मागे उभ्या राहून एकट्या ‘नामंजूर’ म्हणत होत्या, पण नेहमीप्रमाणे तो आवाज मोजला गेला नाही. सुग्रीवने शेवटचा ठोका दिला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि अण्णांचे डोळे खरोखर पाणावले होते.

ते माईकपाशी आले. “मुक्ता आपल्या समद्यांची लेक हाय,” ते म्हणाले. “लोक म्हंत्यात, वरचा हौद वाया गेला. मी इचारतो, ज्या हौदात थेंब न्हाई आला, त्याच हौदातून एवढं गाणं आलं का न्हाई? मग वाया कावून गेला? आजपासून संस्था त्या हौदाचं संगीत भवन करणार. पुढच्या सभेत विषय घेऊ.”

“मंजूर, मंजूर!”

माझ्या एका हातात शाल होती, दुसऱ्या हातात नारळ. पंप मागायला गेलेल्या माणसाचा हौदही गेला होता. मी बोलायला उठलो, तोच धोंडीरामांनी आभार मानायला सुरुवात केली.

परतीच्या वाटेवर मुक्ता चढ माझ्यापुढे चढली. दारापाशी आल्यावर म्हणाली, “बाबा, एक बटण दाबायचं होतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता, ही गोष्ट मला जास्त लागली. राग असता तर मी प्रतिवाद केला असता.

यानंतर जे घडले त्याची योजना कोणीही केली नव्हती. त्या चारा छावण्यांमध्ये माणसांना दिवसभर काम नव्हते आणि मोबाइल होते. गाणे तेथे पोहोचले. तेथून ते प्रवासी कोंबून नेणाऱ्या वडाप जीपमध्ये शिरले, जीपमधून वरातीत. वरातीत त्याची गती वाढवण्यात आली. नवरदेव घोड्यावर बसून मुलीकडच्यांना ‘नामंजूर’ म्हणू लागले. शाळेतली मुले गृहपाठाला तेच म्हणत. शिरूर कासारहून आलेल्या माझ्या मेहुण्याने मला अभिमानाने ते गाणे ऐकवले आणि विचारले, “तुमच्याकडं आलंय का हे?” मुक्ताला नगरहून, नांदेडहून बोलावणी येऊ लागली. ती, भारत आणि सुग्रीव हौदातच सराव करीत. संगीत भवनाचे उद्घाटन व्हायचे होते. मुक्ता सांगे की लोक पहिली ओळ विसरतात, फक्त ‘नामंजूर’ लक्षात ठेवतात. मी म्हटले, पहिली ओळच महत्त्वाची आहे. ती म्हणाली, “तिच्यावर नाचता येत नाही, बाबा.”

पाऊस उशिरा आणि थोडा झाला. सर्वसाधारण सभा भरली. विषयपत्रिकेवर संगीत भवन होते. माझी पंपाची सूचना ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात, म्हणजे पंगतीच्या अगदी तोंडाशी, ठेवली होती.

सचिव उठले. “विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त—”

मागच्या बाकावरून कोणीतरी, बहुधा गंमत म्हणूनच, गाण्याच्या चालीत म्हणाले, “नामंजूर!”

आणि सगळे सभागृह त्याच चालीत गरजले, “नामंजूर, नामंजूर!”

सचिवांचा हात हवेत राहिला. त्यांनी हयातीत हा शब्द सभेत ऐकला नव्हता. त्यांनी घाईने विषय दोन वाचला. नामंजूर. लेखापरीक्षकाची नेमणूक. नामंजूर. दिवंगत सभासदांना श्रद्धांजली हा विषय चुकून वाचला गेला, तोही नामंजूर झाला आणि लोकांनी स्वतःच जीभ चावली. कोणीतरी बाकावर ताल धरला होता. अण्णा उठून म्हणाले, “आरं, गंमत पुरे झाली.” ‘पुरे’लाही सभागृहाने तेच उत्तर दिले.

“विषय क्रमांक सात. वरच्या गल्लीतील हौदाचे संगीत भवनात—”

“नामंजूर, नामंजूर!”

मी मुक्ताकडे पाहिले. ती ताराबाईंच्या शेजारी उभी होती. दोघींचे हात वर होते. इतक्या वर्षांत मी त्या सभागृहात प्रथमच हसलो. माझा हौद मला परत मिळाला होता. आता फक्त एक विषय उरला होता आणि सभागृह माझ्या शब्दांवर ताल धरून बसले होते. मी उठलो. घड्या नीट करून आणलेला आराखडा उघडला. एवढ्या प्रेमाने सभागृहाने माझ्याकडे कधी पाहिले नव्हते. धोंडीराम पुटपुटले, “साहेब, आज बसा. उद्या मांडा.” मी त्यांचा सल्ला धुडकावला. त्यांचा तो एकमेव चांगला सल्ला होता.

“सन्माननीय सभासदहो,” मी म्हणालो, “पाणी चढावर जात नाही—”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ही ओळ त्यांना ठाऊक होती. मी हात वर करून शांतता मागितली.

“म्हणून वरच्या हौदासाठी एक पाच अश्वशक्तीचा पंप बसवण्यात यावा.”

आणि माझ्या मुलीच्या चालीत, माझ्याच शब्दांच्या तालावर, बाकांवर मुठी आपटत, सर्व सभासदांनी एकमुखाने उत्तर दिले. अण्णाही त्यात होते. त्यांचा आवाज चांगला आहे, हे मला त्या दिवशी समजले. सचिवांनी माझा ठराव एकमताने नामंजूर झाल्याची नोंद करून सभा संपवली आणि पंगत बसली.

हौद आजही हौदच आहे, आणि कोरडा आहे. मुक्ताने त्यात दुसरे गाणे तयार केले. या वेळी तिने बटण स्वतः दाबले आणि मला सांगितलेही नाही. मी रोज सकाळी सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून खालच्या टाकीवरून पाणी आणतो. एक कॅन आमचा, एक ताराबाईंचा. टाकी काठोकाठ भरलेली असते आणि वरून थोडी सांडत असते. अण्णा अंगणात दात घासत ते गाणे गुणगुणत असतात, आणि मला पाहिले की आदराने तोंडातला ब्रश काढतात.

“साहेब, लई भारी शब्द लिव्हले हो तुमी,” ते म्हणतात.

मी सायकल वळवतो. चढ तेथूनच सुरू होतो आणि दोन कॅन लावलेली सायकल ढकलताना मला बोलता येत नाही.